बायव्हॅलिरुडिन पंपावर: उपयोग खात्रीचा, डोक्याला ताप भरपूर

ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन, म्हणजेच पंप, चालवणं हे माझं काम. त्यात रक्त गोठू नये म्हणून नेहमी देतात त्या हेपॅरिनबद्दल मला कधी कुणी मत विचारलं नाही, आणि विचारण्यासारखं काही नव्हतंही. किलोमागे ३०० ते ४०० युनिट, एसीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती चाचणी) ४८० सेकंदांच्या वर गेला की पंप सुरू. काम झालं की हेपॅरिनचा उतारा प्रोटामीन, आणि बघता बघता छातीतलं रक्त साकळायला लागतं. ही केवढी सोय आहे ते हेपॅरिनच्या जागी बायव्हॅलिरुडिन हातात आल्यावर कळलं.

पेशंटला एचआयटी होता. म्हणजे हेपॅरिनमुळेच प्लेटलेट कोसळतात आणि वर गुठळ्याही होतात, तो उफराटा प्रकार. थांबता आलं असतं तर अँटिबॉडी साधारण १०० दिवसांत ओसरतात आणि मग हेपॅरिनवरच ऑपरेशन उरकता येतं. पण झडपेला जंतुसंसर्ग झालेला. शंभर दिवस कुठले, शंभर तासही नव्हते.

बाकीचे पर्याय पटकन बाद झाले. लेपिरुडिन २०१२ मध्येच बाजारातून गेलं. डॅनापॅरॉइड दिवसभर अंगात रेंगाळतं. अर्गाट्रोबान आयसीयूत ठीक, पंपावर माझा त्यावर भरवसा नाही. उरलं बायव्हॅलिरुडिन: जळूच्या हिरुडिनवरून बेतलेलं, २० अमिनो आम्लांचं, निम्मं औषध साधारण २५ मिनिटांत संपतं. २००६ साली सुमारे १५० पेशंटांवर त्याची हेपॅरिनशी तुलना झाली, त्यात ते मागे पडलं नव्हतं.

कुपी २५० मिलिग्रॅमची, आत पांढरी भुकटी. पाणी घालून हलक्या हाताने फिरवत बसायचं. आधी किलोमागे १ मिलिग्रॅम, मग तासाला किलोमागे २.५, शिवाय पंपाच्या नळ्यांमध्ये, म्हणजे सर्किटमध्ये, वेगळे ५० मिलिग्रॅम. एसीटी मूळच्या अडीच पटीच्या वर ठेवायचा. ही चाचणी हेपॅरिनसाठी बसवलेली, त्यामुळे आकडा बघूनही जीव खाली पडत नाही.

खरी भानगड पुढे. हे औषध रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला धरून ठेवतं, पण तेच थ्रॉम्बिन त्याला हळूहळू कापूनही टाकतं. रक्त वाहतं आहे तोवर ताजं औषध येत राहतं. साचलं, की तिथे गुठळी. हे वाचलेलं होतं. तरी रिझर्व्हायरच्या, म्हणजे पंपाच्या रक्त साठवणाऱ्या टाकीच्या, काठाला, रक्ताच्या पातळीच्या जरा वर, बोटभर काळपट जेलीसारखा थर दिसला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. छातीत साचलेलं रक्त सक्शनने माझ्याकडेच येत होतं. ते तिथल्या तिथे बंद केलं आणि सगळं रक्त ते धुऊन परत वापरता येणाऱ्या सेल सेव्हर यंत्राकडे वळवलं, तोही गोठणं रोखणाऱ्या सायट्रेटवर. सर्किटमधली प्रत्येक आडनळी दर काही मिनिटांनी उघडून रक्त खेळतं ठेवलं. मधेच सर्जन म्हणाले, "जरा थांबव." म्हटलं, "आज थांबता येत नाही, सर."

सगळ्यात मोठी उणीव: उतारा नाही. पंपावरून उतरायच्या १५ मिनिटं आधी औषध बंद केलं होतं. उतरल्यावर भूलतज्ज्ञ मॅडमचा हात सवयीने ट्रेकडे गेला. प्रोटामीन तिथे ठेवलंच नव्हतं. मग सर्जन गॉज दाबून उभे. पेशंटची किडनी मंद, आणि औषधाचा काही भाग तिकडूनच जातो, त्यामुळे टाक्यांमधून झिरपणं थांबायला दोन तासांच्या वर गेले. तेवढा वेळ मी पंपातलं उरलेलं रक्त आणखी ५० मिलिग्रॅम घालून फिरवत बसले होते.

एचआयटी असेल तर माझे ५ पैकी ४ गुण. नेहमीच्या केसला मी ही कुपी उघडणार नाही. तरी हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून येतं आणि २००८ मध्ये त्यात भेसळ होऊन माणसं दगावली, हे आठवलं की पर्यायांच्या चाचण्या चालू राहाव्यात असंच वाटतं.

पहिल्यांदा वापरणार असाल तर दुसरा ऑक्सिजनेटर (पंपातला रक्तात ऑक्सिजन मिसळणारा भाग) हाताशी ठेवा, आणि फक्त रिझर्व्हायरवर नजर ठेवायला एक जास्तीचं माणूस मागून घ्या. मी मागितलं नव्हतं.