लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे पितळ, असं नसतं

लालबागमध्ये स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या काळासारखे दिसणारे, दिवे बनवणाऱ्या एकाला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. मुंबईच्या दारुखाना भागात फोडलेल्या जहाजातलं पितळ, ४ किलो, किलोला ९५० रुपये. पाइपचे कोपरे, फ्लँज (पाइप जोडायच्या चकत्या), दातेरी चाकं, दाब मोजणारे प्रेशर गेज, व्हॉल्व्हची चाकं. व्हिडिओत एकेका तुकड्याला लोहचुंबक लावून दाखवला होता, एकालाही चिकटला नाही. नमुना म्हणून एक गेज आधी हातात दिला. तो अस्सल होता. मग २,००० रुपये इसार यूपीआयनं गेला, खोकं आल्यावर उरलेले १,८०० गेले आणि त्यानंतर तो नंबर बंद झाला. खोक्यात वरच्या थरात व्हॉल्व्हची दोन चाकं खरी होती. खालचं सगळं जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम, वर पितळी मुलामा.

हे कळलं ते थेट ब्रेझिंगच्या, म्हणजे सळई वितळवून धातू जोडायच्या, वेळी. चांदीमिश्रित सळईनं कोपरा पाइपला जोडायचा होता. ती सळई ६०० अंशांच्या वर वितळते आणि खरं पितळ त्या तापमानाला निवांत उभं राहतं, कारण ते ९०० अंशांच्या आसपास वितळतं. जस्ताचा हा मिश्रधातू ३८० ते ३९० अंशांतच पातळ होतो. सांधा स्वच्छ ठेवणारा फ्लक्स नीट पसरायच्या आतच कोपरा मेणासारखा खचला, विटेवर करडा थेंब होऊन पडला आणि वरची पिवळी साल सुरकुतून बाजूला राहिली. जोडलेला तांब्याचा पाइपही वाया गेला, कारण त्यावर पसरलेलं जस्त पुन्हा निघत नाही. ज्योत अशीच ठेवून जस्त आणखी तापवलं तर पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. हे नुकसान पैशांच्या नुकसानापेक्षा मोठं आहे, म्हणून ज्या भागाची खात्री नाही तो बंद खोलीत चुलीवर, गॅसच्या टॉर्चखाली, कुठेही तापवू नका.

लोहचुंबकाची चाचणी खोटी नाही, अपुरी आहे. ती फक्त लोखंड पकडते. जस्त, ॲल्युमिनियम, शिसं यांपैकी कशालाच चुंबक चिकटत नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर तो आपणहून चुंबक काढतो. चिंचेनं घासून पिवळं चमकलं यालाही अर्थ नाही. मुलामाही पितळाचाच असतो, तो तसाच चमकणार.

खात्री द्यायला स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि पाण्याचं भांडं पुरतं. तुकड्याचं वजन आधी कोरडं घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. तुकडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. दोरा हातातच राहिला पाहिजे. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्या तुकड्याचं आकारमान. वजनाला त्यानं भागा. १६८ ग्रॅमचा कोपरा २० दाखवत असेल तर उत्तर ८.४, म्हणजे पितळ. तोच २५ दाखवत असेल तर ६.७, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. पितळ ८.४ ते ८.७ च्या दरम्यान येतं, तांबं ८.९, लोखंड ७.८, ॲल्युमिनियम २.७. लोखंडाचा आकडा पितळाच्या जवळ जातो, तिथे मात्र चुंबक कामाला येतो. म्हणून दोन्ही चाचण्या करायच्या. उत्तर ९ च्या वर गेलं तर पोकळीत शिसं ओतलंय असं समजा.

चूक होते ती बुडबुड्यांमुळे. आट्यांमध्ये आणि भोकांत हवा अडकते, आकारमान जास्त दिसतं आणि खरं पितळही हलकं ठरतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, तुकडा दोनदा हलवून घ्या. ५० ग्रॅमपेक्षा लहान वस्तूला एक ग्रॅम दाखवणारा काटा चालत नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा छोटा काटा हवा. आधी घरातल्या पितळी घंटेवर किंवा फुलपात्रावर हात बसवून घ्या, म्हणजे आपला काटा किती चुकतो ते कळेल.

बाजारात उभं राहून काटा काढता येत नसेल तर खिशात बारीक कानस ठेवा आणि विचारून, दिसणार नाही अशा जागी, भोकाच्या आतल्या कडेला दोन फटके मारा. पितळ आतपर्यंत पिवळं निघतं. मुलामा काही मायक्रॉनचाच असतो, खाली लगेच पांढुरका करडा रंग दिसतो. कानस लावू न देणाऱ्याकडून वजनावर माल घेऊ नये. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत आणखी एक खूण आपोआप उमटते. पितळावर हिरवा चढ येतो, मुलाम्याच्या छिद्रांतून जस्तावर पांढरी पूड येते. कोपऱ्यांत पांढरं दिसलं की तिथेच थांबा.

गेजच्या बाबतीत फसवणूक वेगळ्या तऱ्हेची असते. खऱ्या प्रेशर गेजच्या पोटात इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली चपटी नळी असते. यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. दाब आला की नळी किंचित उलगडते आणि छोट्या दातेरी पट्टीमार्फत काटा फिरवते. मागचं झाकण उघडायला सांगा. नळी, दातेरी पट्टी आणि केसासारखी बारीक स्प्रिंग दिसली पाहिजे. शोभेच्या गेजमध्ये आत काहीच नसतं, काटा डिंकानं चिकटवलेला असतो. दिव्यावर शोभेचं चालणार असेल तर चालू द्या, पण मग भाव शोभेचा द्या. तबकडीवर बार किंवा एमपीए ही दाबाची मेट्रिक एककं छापलीत आणि विकणारा ब्रिटिशकाळ सांगतोय, तर दोन्ही जुळत नाहीत. जुन्या ब्रिटिश गेजवर चौरस इंचाला पौंड असतात.

‘लंडन १८८५’ असं कोरलेली होकायंत्रं आणि दुर्बिणी चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरही दिसतात. या वस्तूंची नक्कल रुडकीत वर्षानुवर्षं बनते. नक्कल म्हणून घेतली तर ती वाईट नाही. जुनी म्हणून घ्यायची असेल तर स्क्रू बघा. चौफुली खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला, तो १८८५ च्या वस्तूत मूळचा असूच शकत नाही. खिशात एम-४ चा, म्हणजे चार मिलिमीटरचा मेट्रिक, एक नट ठेवा. जुन्या इंग्रजी उपकरणाच्या स्क्रूवर तो सहज, शेवटपर्यंत बसला तर आटे मेट्रिक आहेत, म्हणजे वस्तू किंवा निदान तो स्क्रू अलीकडचा. शिवाय शंभर वर्षांवरची वस्तू विकण्याचा धंदा करणाऱ्याला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे परवाना लागतो. दीडशे वर्षं जुनं असं छातीठोक सांगणाऱ्याकडे तो परवाना मागा. बऱ्याचदा वस्तूचं वय तिथल्या तिथे कमी होतं.

शोभेच्या कामासाठी मिळणारी दातेरी चाकांची पाकिटं हा प्रकारच वेगळा. पदकं, कानातली, पुस्तकांची कव्हरं यांसाठी ती ठीक आहेत. फिरणाऱ्या यंत्रात वापरू नका. ओतीव दाते एकमेकांत नीट बसत नाहीत, भोक केंद्रात नसतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला चाक अडकतं. फिरवायची असतील तर बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाची चाकं काढा, पण जोडीची चाकं जोडीनंच.

पैसे गेले असतील तर वेळ घालवू नका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेलाही लेखी कळवा. दुकानातून बिलावर घेतलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. व्हिडिओ, चॅट आणि खोक्यावरचं कुरिअरचं लेबल फेकू नका. पाण्याच्या चाचणीचा फोटो काढताना काट्याचा आकडा आणि तुकडा एकाच चौकटीत येऊ द्या.

आलेला माल पडूनच राहणार असेल तर तो स्क्रूनं किंवा दोन भागांच्या इपॉक्सीनं थंड जोडणीत वापरता येतो, दिव्याच्या तळाला वजन म्हणूनही. पण प्रत्येक तुकड्यावर आतल्या बाजूनं मार्करनं ‘जस्त’ लिहा आणि तो डबा ब्रेझिंगच्या टेबलापासून लांब ठेवा.