बसतंय ना, मग झालं!

मी सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचे शतांश मोजायचं माप. एखादा पार्ट पाच शतांश मिलिमीटरने वर गेला तरी लाल टॅग लावून बाजूला ठेवायचा, यावरच माझं पोट. आणि असा मी, स्वतःच्या गाडीच्या चाकाला एकदाही व्हर्नियर न लावता एका दुकानात ५७,५०० रुपये मोजून आलो. एकदम नाही, थोडे थोडे करून. एकदम मागितले असते तर मीही दिले नसते.

गाडी म्हणजे बाबांची २००२ सालची फियाट पालिओ, १.६ लिटरची जीटीएक्स. दोन दारांची नाही, छप्पर उघडत नाही, त्यामुळे मी हिला स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक हसतात. हसू देत. शंभर हॉर्सपॉवरची हॅचबॅक तेव्हा आपल्याकडे सहज मिळत नव्हती, आणि कसारा घाट चढताना ती आजही तिसऱ्यावर जे खेचते ते बसूनच बघावं. जाहिरातीत सचिन होता, बाबांना तेवढं पुरलं होतं. पेट्रोल इतकी प्यायची की आई तिला ‘सवत’ म्हणायची.

तर गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मला हुक्की आली की मूळची १४ इंची चाकं काढून १६ इंची अलॉय, म्हणजे मिश्रधातूची चाकं घालायची. दुकान शहरात ओळखीचं आहे, बाहेर नेहमी चार-सहा गाड्या उभ्या. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

दुकानदाराने गाडीकडे बघून एकच प्रश्न विचारला, “किती होल? चार? मग बसतंच दादा.” आणि मी मान डोलावली.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे. चार बोल्टांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे पीसीडी. स्विफ्ट, होंडा सिटी, आय-ट्वेंटी, आपल्याकडच्या कित्येक गाड्यांचं हे अंतर १०० मिलिमीटर. त्यामुळे दुकानात माल असतो तो बहुतेक १०० चाच. माझ्या पालिओचं अंतर ९८. फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक भोक आपल्या जागेपासून एक मिलिमीटर बाहेर. डोळ्याला दिसत नाही. बोल्ट आत जातात. बोल्ट आवळायच्या गनने आवळले की ‘कट’ असा आवाजही येतो. पण बोल्टाचं डोकं शंकूसारखं असतं. ते भोकाच्या सगळ्या कडेला सारखं टेकायला हवं, ते एकाच बाजूला टेकतं. मग चाक फिरेल तसा बोल्ट प्रत्येक फेरीला किंचित वाकतो आणि सरळ होतो. तार मोडायची असेल तर आपण ती अशीच हलवतो.

दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. पालिओच्या हबचा, म्हणजे चाक ज्याला आवळतात त्या भागाचा, मधला उंचवटा ५८.१ मिलिमीटरचा आहे आणि मूळ चाक त्यावर नेमकं बसतं. मी घेतलेल्या अलॉयचं मधलं भोक ७३.१. ही पोकळी भरायला रिंग मिळते, चार रिंगांना फार पैसे पडत नाहीत. त्याने दिल्या नाहीत आणि मला मागायचं सुचलं नाही.

चाकांचे २८ हजार, टायरचे २२ हजार, आणि माझी जुनी चारही चाकं ‘एक्स्चेंज’मध्ये घेऊन त्याने ६ हजार वजा केले. बिल मागितलं तर वहीतला कागद फाडून दिला. त्यावर जीएसटी नंबर नाही, फक्त ‘१६ अलॉय न्यू, टायर न्यू’. पैसे यूपीआयने गेले, तेही दुकानाच्या नावाने नाही, कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. तेव्हा वाटलं, आपल्याला काय करायचंय.

त्याच संध्याकाळी उड्डाणपुलावर ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागलं. शिवाय पूर्ण वळवलं की आतून टायर घासल्याचा वास. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर दुकानदार अजिबात गडबडला नाही. उलट डॉक्टरने रिपोर्ट वाचून मान हलवावी तसं म्हणाला, “स्पेसर लागेल. मोठ्या चाकाला लागतोच.”

स्पेसर म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये घालायची चकती. आणि हे ‘लागतोच’ साफ खोटं. चाकाची रुंदी आणि ऑफसेट नीट निवडला तर स्पेसर लागत नाही. ऑफसेट म्हणजे चाकाची हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यापासून किती बाहेर आहे तो आकडा, चाकाच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ म्हणून कोरलेला असतो. माझं जुनं चाक साडेपाच इंच रुंद, नवं सात इंच. वाढ दीड इंचाची, म्हणजे ३८ मिलिमीटर. ऑफसेट योगायोगाने जवळपास तोच होता, म्हणून टायर १९ मिलिमीटर आत सरकला आणि १९ बाहेर. आत शॉकअब्सॉर्बरपाशी तेवढी जागाच नव्हती. सहा इंची चाक घेतलं असतं तर प्रत्येक बाजूला वाढ सहा-साडेसहा मिलिमीटरची झाली असती. पण त्याच्याकडे शिल्लक होतं ते सात इंची.

पुढच्या दोन चाकांना १० मिलिमीटरचे चकतीसारखे स्पेसर, २,४०० रुपये. आणि लांब बोल्ट आठ, १,६०० रुपये. लांब बोल्ट लागतील असं म्हणाला तिथे तो खरं बोलला, हे मान्य करायला हवं. पालिओच्या हबला नट नाहीत, बोल्ट थेट हबमध्ये जातो. मध्ये १० मिलिमीटरची चकती घातली की बोल्ट तेवढाच कमी आत जाणार. माझ्या गाडीचा आटा बारा बाय सव्वाचा, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट आणि दोन आट्यांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर. १० भागिले सव्वा, आठ आटे गेले. असा बोल्ट किमान आपल्या जाडीइतका, १२ मिलिमीटर तरी आत हवा. म्हणजे जवळजवळ दहा आटे. मूळच्या बोल्टांवर स्पेसर चढवून देणारे लोकही आहेत, त्यांच्यापुढे आमचे हे सज्जनच.

फक्त त्याने दिलेले बोल्ट बारा बाय दीडचे होते. दुसऱ्या कित्येक गाड्यांना तेच लागतात, म्हणून डबाभर पडलेले. सव्वाच्या आट्यात दीडचा बोल्ट हाताने दोन फेरे जातो आणि अडतो. तिथेच थांबायला हवं. पोराने गन लावली. मी समोर उभा होतो, हातात चहाचा कप. गनचा आवाज जरा जास्त वेळ आला, एवढंच तेव्हा जाणवलं. चाकाचा बोल्ट आधी बोटांनी, पाना न लावता, शेवटपर्यंत फिरला पाहिजे. आमच्या शॉप फ्लोअरवर नव्या ॲप्रेंटिसला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात.

अकराव्या दिवशी त्र्यंबकेश्वरहून परत येताना महिरावणीच्या अलीकडे डाव्या बाजूने टक-टक सुरू झालं. वेग कमी केला की टक-टक हळू, वाढवला की जलद. बायको म्हणाली, “खडा अडकला असेल.” मागे मुलगी झोपलेली. गाडी कडेला घेतली. डाव्या पुढच्या चाकाचे दोन बोल्ट मी बोटांनी फिरवून काढले. बोटांनी! तिसऱ्याचं डोकंच नव्हतं. चाक एका बोल्टावर होतं आणि पुढे वस्ती, शाळा, उतार.

जवळच्या पंक्चरवाल्याने बोल्ट हातात घेतला, आट्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाला, “साहेब, हा आटा तुमच्या गाडीचा नाहीये.” नखाने कळलं त्याला. डिकीत स्टेपनी मूळची होती आणि मूळचे बोल्टही. त्यातले तीन खराब झालेल्या हबमध्ये कसेबसे धरले, आणि २०-२५ च्या वेगाने घरी आलो. बायको वाटेत एक शब्दही बोलली नाही.

आता तुम्ही म्हणाल, इथे तरी शहाणा झाला असेल. नाही झालो. दुकानदार म्हणाला, “चकतीवाले स्पेसर लोकलच असतात हो, तुम्हाला आधीच चांगले घ्या म्हणणार होतो.” आणि काचेच्या कपाटातून चार जाड स्पेसर काढले. २० मिलिमीटरचे, निळे चकचकीत, वर ‘फोर्ज्ड’ लिहिलेलं. हे आधी हबला आवळायचे आणि मग चाक स्पेसरला. ९८ चं १०० पण होईल, म्हणाला. म्हणजे चाक चुकीचं आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! हे मला तिथे उभं असताना कळलं नाही, रिक्षात बसल्यावर कळलं. साडेनऊ हजार तोपर्यंत देऊन झाले होते. एवढे घातलेत तर आणखी थोडे घालून काम पुरं करू, या विचाराने माणूस शेती विकतो, मी तर स्पेसरच घेतले. नशिबाने फिटिंगचा पोरगा त्या दिवशी आला नव्हता, म्हणून डबा घरी आला.

सोमवारी तो डबा कामावर नेला. जेवणाच्या सुट्टीत सरफेस प्लेटवर, म्हणजे मापं घ्यायच्या अगदी सपाट पाटावर, चारही मांडले. जाडी: २०.१, १९.७, २०.४, १९.८. एकाच स्पेसरच्या समोरासमोरच्या कडांत तीन दशांशाचा फरक. असल्या चकतीवर चाक लावलं तर ते वाकडंच फिरणार, कितीही बॅलन्सिंग करा. मधलं भोक ६०.१, म्हणजे माझ्या हबवर सैल. चाकाच्या बाजूला उंचवटाच नाही. हबच्या बाजूची भोकं गोल नव्हतीच, लांबट होती. ‘युनिव्हर्सल’, कुठलीही गाडी लावा आणि अंदाजाने मध्य धरा! निळ्या रंगाखाली एका कोपऱ्याला फाईल मारली तर ब्लोहोल दिसले. हे ओतलेल्या मालात असतात. फोर्जिंग म्हणजे धातू दाबून घडवलेला, त्यात अशी बुडबुड्यांची भोकं निघत नाहीत. आमच्या फोरमनने तुकडा हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “कितीला?” मी तीन हजार कमी सांगितले.

आणि हे बसवले असते तर? आधीच १९ बाहेर गेलेलं चाक आणखी २० बाहेर, म्हणजे मूळ जागेपासून जवळपास चार सेंटिमीटर. टायर मडगार्डच्या बाहेर, खड्ड्यात दाबलं की कडेला कापणार. बेअरिंगवरचा ताण वाढणार, कारण तरफ लांब झाली. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करून अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर आधी तेच बघतो.

स्पेसर परत घ्यायला नकार. “डबा फुटला ना.”

मग पंचवटीत एक जुने फियाटवाले मिस्त्री आहेत त्यांच्याकडे गेलो. बाबा आधीची पद्मिनी गाडी असल्यापासून त्यांच्याकडे जायचे. पुढचे दोन्ही हब गेले होते, एक बेअरिंगही. त्यांनी टायर उतरवले तेव्हा बाकीचं बाहेर आलं. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. माझ्या ‘नव्या’ टायरवर ३४१९, म्हणजे २०१९ चा ३४ वा आठवडा. आणि एका ‘नव्या’ अलॉयच्या आतल्या कडेला, टायर झाकतो तिथे, पावडर कोटिंगखाली वेल्डिंगची रेघ. मिस्त्रीकाका रागावले नाहीत. म्हणाले, “बाळा, तुझ्या वडिलांनी आधी मला विचारलं असतं.” त्यापेक्षा रागावले असते तर बरं होतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. अडचण त्या वहीच्या कागदाची. त्यावर दुकानाचं नाव नाही, मग हाती राहतात त्या यूपीआयच्या नोंदी, मी काढलेले फोटो आणि व्हॉट्सॲपवर त्याने पाठवलेला ‘फोर्ज्ड आहे दादा, टेन्शन नको’ हा एक मेसेज. नशीब, तो मी डिलीट केला नव्हता.

राहिली माझी जुनी चाकं. ती दुकानात मागे विकायला ठेवलेली दिसली. डाव्या पुढच्या चाकाच्या कडेवर बाबांनी वणीला फुटपाथला घासलेली खूण आहे, त्यामुळे ओळखायला अडचण नव्हती. मी गेलो तर देणार नाही म्हणून मिस्त्रीकाकांनी पुतण्याला पाठवलं. सहा हजारांना घेतलेली चाकं दुकानदाराने बारा हजारांना दिली. पुतण्या चाकं घेऊन आला आणि खिशातून दुकानाचं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. मागे पेनाने लिहिलं होतं: ‘पालिओ, स्पेसर २० एमएम फोर्ज्ड, ९,५००, फिटिंग फ्री.’