ए.ए.ची बैठक: फी नाही, फॉर्म नाही, उपदेश नाही

दारू सोडायला मदत करणाऱ्या सेवांमध्ये 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस', म्हणजे ए.ए., सगळ्यांत स्वस्त. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. आडनावही कुणी विचारत नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात सुरू झालेली ही पद्धत आता मराठीतूनही चालते, कुठे शाळेच्या वर्गात, कुठे चर्चच्या हॉलमध्ये.

बैठक तास-दीड तासाची. बोलणारा "माझं नाव अमुक, मी मद्यपी" म्हणून सुरुवात करतो आणि पाच-दहा मिनिटं शेअरिंग करतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, नंतरही सल्ला देत नाही. सगळी खुबी इथेच आहे. बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकल्याचं घरी कबूल केलं की भांडण होतं, नाहीतर प्रवचन. इथे पुढचा माणूस उठून स्वतःचं सांगतो, आणि त्यातही कुठेतरी एक मंगळसूत्र निघतंच. 'आपल्याइतकं नीच कुणी नाही' हा समज मग फार दिवस तग धरत नाही.

खोट कुठे आहे? काही ग्रुपांत पिऊन केलेल्या पराक्रमांच्या सुरस कथा रंगतात, हशा पिकतो आणि लाजेच्या जागी फुशारकी येऊन बसते. तीन-चार बैठका असंच चाललं तर ग्रुप बदलावा. दुसरं म्हणजे, सगळंच हॉलमध्ये ओकायचं नसतं. ए.ए.च्या बारा पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीला लिहून काढलेला स्वतःच्या चुकांचा हिशेब पाचव्या पायरीला एकाच विश्वासू माणसापुढे, बहुधा स्पॉन्सरपुढे (नवख्याला वाट दाखवणाऱ्या जुन्या सभासदापुढे), मांडायचा. बैठकीतली गुप्तता सभासदांच्या शब्दावर चालते, तिला डॉक्टर-वकिलासारखं कायद्याचं संरक्षण गृहीत धरू नये. बायकांनी स्पॉन्सर बाईच निवडावी.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम दारू तोडून थेट बैठक गाठू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर.

पहिल्यांदा 'ओपन' बैठकीला जावं. तिथे घरचं माणूस सोबत चालतं, 'क्लोज्ड'ला नाही. "आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी पुरतं. स्वखुशीच्या पैशांची थैली फिरते, नवख्याने ती तशीच पुढे सरकवावी. संपल्यावर लगेच पळू नये, फोन नंबर तेव्हाच मिळतात. तो नंबर पहिला पेग भरण्याआधी लावायचा असतो.