ऑफिससाठी बीएलडीसी पंखे: पंखा उत्तम, रिमोट टाळा

छताच्या साध्या पंख्याला ७५ वॅट लागतात, बीएलडीसी (ब्रश नसलेली, डीसीवर चालणारी मोटर) पंख्याला पूर्ण वेगात २८ ते ३५. एवढं आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण ऑफिसात वीस पंखे एकदम बदलताना खोक्यावर न लिहिलेल्या गोष्टीच जास्त नडतात. म्हणून हा रिव्ह्यू एखाद्या कंपनीचा नाही, या प्रकारच्या पंख्याचा आहे. थोडा भाग एसीत आणि बाकी नुसत्या पंख्यांवर, असं पन्नास-साठ माणसांचं ऑफिस समोर ठेवून लिहिला आहे.

आधी हिशोब. दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस आणि ४५ वॅटची बचत धरली तर एका पंख्यामागे वर्षाला १३५ युनिट वाचतात. व्यापारी दर १२ रुपये धरला तर १६२० रुपये. पंखा साधारण तीन हजारांना पडतो, म्हणजे दोन वर्षांच्या आत पैसे वसूल. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. त्या हिशोबाने वीस पंख्यांमागे वर्षाला १.९ टन. भाड्याच्या जागेत गच्ची आपली नसते, सोलर बसवता येत नाही. तिथे दोन सुट्ट्यांत उरकणारं इतकं चोख काम दुसरं क्वचितच सापडेल.

खरेदी करताना नुसते वॅट बघू नका. छताच्या पंख्यांना स्टार लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, पण त्याच्या शेजारची सर्व्हिस व्हॅल्यू जास्त बोलकी. मिनिटाला किती घनमीटर हवा, भागिले वॅट. १२०० मिलिमीटरचा चांगला पंखा ३० वॅटमध्ये २२० घनमीटर हवा देतो, म्हणजे ७.३. साधा पंखा ७५ वॅटमध्ये २१० देतो, म्हणजे २.८. काही स्वस्त मॉडेल वॅट कमी दाखवतात आणि हवाही कमी देतात. मग लोक ‘जुनाच बरा होता’ म्हणतात, आणि सगळ्यांना सोबत घेऊन करायचं काम तिथेच अडतं. तुमच्या जोडणीला केव्हीएएच बिलिंग (म्हणजे नुसत्या वॅटवर नव्हे, लाइनमधून ओढलेल्या एकूण व्होल्ट-अँपिअर, म्हणजे व्हीएवर बिल) असेल तर पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) ०.९ च्या वर असलेलाच पंखा घ्या. ०.६ असेल तर ३० वॅटचा पंखा ५० व्हीए ओढतो.

आता रिमोट. घरी सोय, ऑफिसात डोकेदुखी. एकाच मॉडेलचे पंखे ओळीने लावले की एका बटणाने तिघांचे वेग बदलतात, कारण इन्फ्रारेडचा कोड सगळ्यांचा एकच. रिमोट कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये राहतो आणि बाकीचे भिंतीवरच्या बटणावर पंखा चालू-बंद करतात. पंखा शेवटचा वेग लक्षात ठेवतो, म्हणजे एकदा पाचवर गेला की पाचवरच. तेव्हा भिंतीवर स्वतःचा रेग्युलेटर असलेलं बीएलडीसी मॉडेलच मागा. थोडं महाग मिळालं तरी चालेल.

बसवताना सर्वात मोठी चूक एकच होते: जुना रेग्युलेटर सर्किटमध्ये तसाच राहतो. बीएलडीसीच्या आत लाइनमधल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेची एकाच दिशेची (डीसी) वीज करणारा सर्किट बोर्ड असतो. जुन्या रेग्युलेटरमधून विजेची तुटक लहर आली की पंखा झटके देतो, मध्येच बंद पडतो आणि शेवटी बोर्ड जातो. ‘फुलवर ठेवा, चालेल’ असं वायरमन म्हणाला तरी ऐकू नका. जुना रेग्युलेटर काढून स्विचमधून वायर थेट न्यायला सांगा. कंडेन्सर लागत नाही. अर्थिंग मात्र जोडून घ्या. दांडीच्या बोल्टला कॉटर पिन घालून तिची दोन्ही टोकं वाकवली आहेत का, हे वरचा कप सरकवण्याआधी स्वतः बघा. तो एकदा वर गेला की काही दिसत नाही. फॉल्स सीलिंग असेल तर दांडी लांब लागते. पाती छताला फार जवळ राहिली तर वरून हवा खेचली जात नाही आणि चांगला पंखाही मरगळलेला वाटतो.

मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात, किंवा न्यूट्रल वायर तुटून विजेचा दाब चढला की, बोर्ड जळतात. साधा पंखा असा झटका बरेचदा सोसतो, हा सोसत नाही. मुख्य डीबीत (विजेच्या वितरण पेटीत) सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे असा झटका अडवणारं उपकरण, बसवून घ्या. वॉरंटीनंतर बोर्ड केवढ्याला मिळेल आणि घरपोच बदलून देतात का, हे ऑर्डर देण्याआधी लेखी विचारा. वीस पंख्यांमागे एक-दोन बोर्ड कपाटात असलेले बरे.

एसीच्या भागात हा पंखा खरा कामाला येतो, पण इथेच लोकांचं एकमत लागतं. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. दिवसाला ८ युनिट खाणारा एसी २३ वरून २६ वर नेला तर जवळपास १.४ युनिट वाचतात. पूर्ण वेगातला एक पंखा आठ तासांत पाव युनिट खातो. म्हणजे त्या एसीखाली सहा पंखे फुलवर चालले की बचत संपली! पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम सुकवतो. रिकाम्या खुर्चीवर फिरणारा पंखा निव्वळ तोटा आहे. तिसऱ्या वेगात हाच पंखा १०-१२ वॅट घेतो, आणि २६ अंशांत तेवढी हवा पुरते.

त्यासाठी जागांचा नकाशा काढा. पश्चिमेच्या खिडकीजवळचे आणि एसीच्या झोताखालचे, दोघांनाही एकच तापमान कधी मानवत नाही. थंडी सोसणाऱ्याला झोतातून हलवा, उकडणाऱ्याला पंख्याखाली आणा आणि मगच २६ करा. नाहीतर दुपारी कोणीतरी रिमोट घेऊन २० करतोच. प्रत्येक स्विचवर पंख्याचा नंबर चिकटवा. दर सोमवारी ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा चहाच्या टेबलाजवळच्या फळ्यावर लिहा. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. मे आणि ऑगस्टची तुलना फसवी असते.

‘वीज कमी खातो’ म्हणून रात्रभर चालू राहिलेले पंखे हीसुद्धा नेहमीची गळती. २४ तास चाललेला ३० वॅटचा पंखा ७५ वॅटचा पंखा साडेनऊ तास चालवल्याएवढीच वीज घेतो.

उतरवलेले पंखे कर्मचाऱ्यांना वाटू नका, ते दुसऱ्या छतावर पुन्हा ७५ वॅट ओढतील. जिथे आज पंखाच नाही, अशा एखाद्या शाळेच्या वर्गाला द्यायला हरकत नाही. बाकीचे नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे द्या. तांबं आणि अॅल्युमिनियम असल्याने पैसे मिळतात, आणि त्यात सर्ज प्रोटेक्टरच्या खर्चाला हातभार लागतो.