भाड्याच्या घरातले बीएलडीसी पंखे: आपण घ्यावेत की घरमालकांकडून बसवून घ्यावेत?

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला विजेचे बिल कमी करायचे असेल, तर त्याच्यापुढे साधारणपणे दोन मार्ग असतात. एक तर बीएलडीसी पंखे, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरचे कमी वीज खाणारे पंखे, स्वतः विकत घ्यायचे आणि घर सोडताना काढून न्यायचे, किंवा घरमालकांना ते बसवायला सांगून भाड्यात थोडी वाढ मान्य करायची. पुण्यातल्या दोन वेगवेगळ्या घरांत मी हे दोन्ही मार्ग वापरले आहेत.

बचत दोन्हीकडे सारखीच होते. ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचा पंखा रोज १२ तास फिरला, तर महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. तीन पंखे धरले, तर पन्नासच्या आसपास. मध्यम वापराच्या घरात ही बचत महावितरणच्या १०१ ते ३०० युनिटांच्या महागड्या टप्प्यातून होते, म्हणून ती बिलात चटकन दिसते.

स्वतः पंखे घेतले की मनासारखे मॉडेल निवडता येते आणि ते पुढच्या घरीही नेता येतात. दरवर्षी घर बदलावे लागणाऱ्यांना कदाचित हेच सोयीचे पडेल.

मला खटकले ते घर सोडतानाचे काम. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर नीट चालत नाही, म्हणून वायरमन स्विचबोर्ड उघडून रेग्युलेटर बायपास करतो. उतरवलेले जुने पंखे माळ्यावर जपून ठेवायचे, जाताना पुन्हा टांगायचे आणि बोर्डातली जोडणीही पूर्ववत करून द्यायची. आमच्याकडे माळ्यावर पडून राहिलेला एक पंखा लावल्यावर घरघर करू लागला आणि कंडेन्सर बदलूनही ती थांबली नाही. तेव्हाच्या घरमालकांनी सामानाच्या यादीवर बोट ठेवून नव्या पंख्याची किंमत डिपॉझिटमधून वळती केली. त्यात कित्येक महिन्यांची बचत गेली आणि मनस्ताप झाला तो वेगळाच.

दुसऱ्या मार्गात खरी कसोटी बोलणी करण्याची असते. खर्च मालकांचा आणि कमी होणारे बिल भाडेकरूचे, तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला तर त्यांना दोष देता येत नाही. म्हणूनच बचतीतला वाटा त्यांना देणे मला न्याय्य वाटते. पुढच्या घरी मी आधीची बिले दाखवून दरमहा २०० रुपये जास्त भाडे देऊ केले. तीन पंख्यांचा सुमारे ९,००० रुपयांचा खर्च त्यातून पावणेचार वर्षांत भरून निघतो, आणि मी घर सोडले तरी पंखे तिथेच राहत असल्यामुळे पुढच्या भाडेकरूकडूनही तेवढे भाडे मागता येते. हा हिशेब त्यांना पटला. भिंतीतल्या नळजोडणीला बांधलेल्या गिझरसाठी तर हाच मार्ग व्यवहार्य आहे.

मालक स्वस्तातला पंखा आणतील ही शंका मात्र रास्त आहे. छताच्या पंख्यांना जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचे असले, तरी एक स्टारचा पंखाही त्यात बसतो. त्यामुळे ‘पाच स्टार, बीएलडीसी’ असे शब्द करारात स्पष्ट असावेत.

घरमालकांशी बोलण्याइतपत संबंध असतील, तर मी दुसऱ्या मार्गाकडेच झुकेन. अकरा महिन्यांच्या कराराचे नूतनीकरण होण्याच्या महिनाभर आधी विषय काढावा, आणि नोंदणीच्या मसुद्यात भाड्यातली वाढ व पंख्यांची दुरुस्ती कोणी करायची, हे दोन्ही लिहून घ्यावे.