हीट पंपात टीएक्सव्ही घ्यावा की ईईव्ही?

हॉस्टेलच्या गरम पाण्यासाठी हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं मशीन) घेताय आणि दोन कोटेशनमध्ये अडकलात ना, तर ब्रोशर बाजूला ठेवा आणि मशीनमध्ये फिरणारा, उष्णता वाहून नेणारा गॅस किती सोडायचा हे कोणता व्हॉल्व्ह ठरवतो ते बघा: टीएक्सव्ही म्हणजे थर्मोस्टॅटिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, तापमानावर आपोआप चालणारा, आणि ईईव्ही म्हणजे इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह.

टीएक्सव्हीत कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या सक्शन पाइपला एक छोटा बल्ब बांधलेला असतो, पाइप तापला की बल्बमधला वायू फुगून डायफ्रामवर (पातळ पडद्यावर) दाब देतो आणि व्हॉल्व्ह उघडतो, वीज लागतच नाही. स्वस्त, आणि कुठलाही चांगला एसी मेकॅनिक बदलून देतो. फक्त बल्ब घट्ट बांधलेला आणि इन्सुलेशनने झाकलेला हवा, सैल झाला की तो बाहेरच्या हवेने तापतो, व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि वाफ न झालेला, लिक्विड रूपातला गॅस थेट कॉम्प्रेसरात जातो, हे फार वाईट!

ईईव्हीत स्टेपर मोटर असते, सेन्सर वाचून कंट्रोलर ती बारीक बारीक फिरवतो, त्यामुळे लोड खूप वरखाली झाला तरी जमतं. पण बोर्ड, सेन्सर महाग, व्होल्टेजचा त्रास असेल तर सर्ज प्रोटेक्शन लावाच.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (गरजेनुसार वेग कमीजास्त करणारा) असेल किंवा थंडी-उन्हाळ्यात बाहेरचं तापमान खूप बदलत असेल तर ईईव्हीच. फिक्स्ड स्पीड मशीन, साधारण सारखाच लोड, गाव आडबाजूला, तिथे मी डोळे झाकून टीएक्सव्ही घेईन.