मिरजेत थाय लिफ्ट (मांड्यांची लोंबती कातडी काढायचं ऑपरेशन) केली, सहा महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

हॉस्पिटलचं नाव लिहित नाहीये कारण यात एक तक्रार पण आहे आणि मला कुणाची बदनामी करायची नाही, पुढच्या बाईला उपयोग व्हावा एवढंच. मी सांगलीची, विश्रामबागला राहते, वय ४३. दोन वर्षांत वजन १०२ वरून ६८ वर आणलं, डाएट आणि चालणं, ऑपरेशन वगैरे काही नाही. पोट बऱ्यापैकी आत गेलं पण मांड्यांची आतली कातडी तशीच लोंबत राहिली. चालताना घासून जांघेत सोलून निघायचं, उन्हाळ्यात फंगस हटायचंच नाही, आमराईत फिरायला गेले तर दोन फेऱ्यांत परत यायचे. लोकांना वाटतं हे सगळं दिसण्यासाठी करतात, मी तरी आग थांबावी म्हणून केलं.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, १८९४ ला मिशन हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून पार कर्नाटकातून पेशंट येतात (मी केलं ते तिथं नाही, खाजगीत केलं). पण पाटी बघून जाऊ नका, डॉक्टरांचं प्लास्टिक सर्जरीतलं एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. (या त्यातल्या पदव्या) आहे का ते विचारा. स्पष्ट विचारा, कुणी रागवत नाही.

ऑपरेशनच्या आधीची बाजू या लोकांची खरंच चांगली. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी पेनने मांडीवर रेघा मारून दाखवल्या, कातडी थोडी असेल तर नुसता जांघेतल्या घडीत छेद पुरतो, माझ्यासारखी जास्त असेल तर आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत उभा छेद पण लागतो. आणि म्हणाले, ताई, कातडी जाईल पण व्रण राहील, वर्षभरात फिका होईल पण पुसला जाणार नाही, हे चालणार असेल तरच पुढं बोलू. मला अजून चार किलो कमी करायचे होते हे ऐकल्यावर तर तारीखच दिली नाही, ते कमी करा, मग सहा महिने वजन एका जागी राहू दे आणि मग या म्हणाले. तेव्हा राग आला होता, आता कळतं की नंतर वजन हललं असतं तर कातडी परत सैल पडली असती. हिमोग्लोबिन कमी निघालं ते आधी गोळ्यांनी वर आणलं, शुगर बघितली, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि काढे लिहून मागितले कारण काहींनी रक्त पातळ होतं. माझ्याबरोबर बसलेल्या एका मावशींना मिश्री लावतात म्हणून परत पाठवलं, तंबाखूने जखम भरत नाही, आधी महिनाभर बंद करा म्हणाले.

पैशाचं एक सांगते. मेडिक्लेमवाल्यांनी कॉस्मेटिक म्हणून सरळ नाही म्हटलं, वर बिलाला १८ टक्के जीएसटी लागला, आणि पॅकेजमध्ये गारमेंट (ऑपरेशननंतर मांड्यांवर घालायचा घट्ट कपडा) आणि नंतरची ड्रेसिंग धरलेलीच नव्हती. आधी लेखी घ्या.

ऑपरेशन डिसेंबरात केलं आणि हे मुद्दाम, कारण नंतर सहा आठवडे घट्ट गारमेंट घालून राहायचं असतं, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ते शक्य नाही. तीन तास लागले, पूर्ण भूल, दोन्हीकडं ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढायच्या नळ्या. पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच सिस्टरनी धरून चालवलं.

खरी परीक्षा घरी आल्यावर. आमच्याकडं भारतीय संडास होता, उकिडवं बसायचं नाही मांडी घालायची नाही, म्हणून आठवडाभर आधी कमोड बसवून घेतला, नसता बसवला तर काय केलं असतं माहीत नाही. जेवायला खुर्ची टेबल, देवपूजा उभ्यानं, ॲक्टिव्हा पाच आठवडे बंद, घरात दोन आठवडे कुणीतरी पाहिजेच, माझी बहीण इस्लामपूरहून आली होती. गारमेंट दोन घ्या, एक धुवायला. लघवीनंतर दर वेळी धुवून मऊ कापडानं टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही. आणि पाळीच्या तारखा बघून ऑपरेशन ठरवा, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

आता तक्रार. अकराव्या दिवशी, रविवार होता, डाव्या जांघेतले टाके उसवले आणि पाणी यायला लागलं. दिलेल्या नंबरवर सात फोन केले, शेवटी रिसेप्शनच्या मुलीनं उचलून सांगितलं की उद्या ओपीडीत या. ती रात्र मी आणि बहिणीनं बसून काढली. सोमवारी डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले त्या जागी घाम असतो, हालचालीने ताण पडतो, तिथं असं बऱ्याचदा होतं, रोज ड्रेसिंग केलं की भरेल. तीन आठवड्यांत भरलं पण. उपचारात चूक नव्हती हो, पण बऱ्याचदा होतं तर मला आधी का नाही सांगितलं, आणि रविवारी फोन कोण उचलणार हे का ठरलेलं नव्हतं? सही करायच्या आधी तो एक नंबर लिहून घ्या. ताप आला, एकच पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली तर मात्र फोन करत बसू नका, थेट कॅज्युअल्टीत जा.

आत्ताची स्थिती म्हणजे व्रण अजून लालसर आहे, सिलिकॉन जेल लावतीये, उजव्या मांडीला आतून एक तळव्याएवढी जागा बधीर आहे, संध्याकाळी थोडी सूज येते. पण परवा गणपती मंदिरापासून हरिपूरला संगमेश्वरापर्यंत चालत गेले आणि चालतच परत आले, जांघेत काहीही लागलं नाही, घरी येऊन रडले मी. डॉक्टरांना पाचपैकी पाच, नंतरच्या सेवेला दोन. डिसेंबरात वर्षाची तपासणी आहे, व्रण कसा दिसतो ते तेव्हा इथंच लिहीन.